तीन रुपयांचा बोंडू आणि बारा स्लाइड्स

आमच्या वेंगुर्ले तालुक्यात फेब्रुवारी सरता सरता काजूच्या बागेत शिरलं की आंबूस वास येतो आणि चप्पल चिकटायला लागते. खाली पडलेलं फळ उचलायचं, बी पिळून वेगळी करायची, बी डब्यात टाकायची आणि बोंडू, म्हणजे उरलेलं रसाळ फळ, तिथेच झाडाखाली सोडायचा, हे मी लहानपणापासून बघत आले. बीला भाव आहे, बोंडूला नाही. वजनात तो बीच्या सहा-सात पट भरतो आणि एका दिवसात आंबायला लागतो. गोव्याच्या सीमेलगतच्या गावांतून थोडाफार माल हुर्राक आणि फेणी या दारूंच्या भट्ट्यांवर जातो. बाकीचा गुरं खातात, नाहीतर जागेवर कुजतो.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघं गेली तीन वर्षं या बोंडूचं सरबत करतो. तो फूड टेक्नॉलॉजी शिकलाय. मी पुण्यात नऊ वर्षं हिशेबाची कामं करून गावी परत आले. २०२४ च्या मोसमात आम्ही ४ टन बोंडू उचलला, आठ हजार बाटल्या भरल्या आणि पावसाळ्यापर्यंत ६,९०० विकल्या. पुढच्या मोसमात दुपटीवर जायचं तर हाताच्या प्रेसवर भागणार नव्हतं. मोठा पल्पर म्हणजे गर काढायचं यंत्र, स्टीलच्या टाक्या, छोटी शीतखोली आणि बाटल्या आगाऊ घ्यायला खेळतं भांडवल, असे सगळे मिळून ३० लाख लागत होते. बँकेने तारण मागितलं. आमच्याकडे तारण म्हणजे आईच्या नावावरची बाग, आणि तिला हात लावायचा नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं.

नव्या धंद्यांना मदत करणाऱ्या पुण्यातल्या एका इन्क्युबेशन सेंटरमध्ये ओळख निघाली. तिथल्या सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. डेक पाठवा."

डेक म्हणजे काय ते माहीत होतं, गुंतवणूकदारांना धंदा समजावणाऱ्या स्लाइड्स. पुण्यात असताना साहेबांच्या स्लाइड्समधले आकडे मीच तपासून द्यायची. पण कोऱ्या पानापासून स्वतःच्या धंद्याचं सादरीकरण करणं वेगळं, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही हे पक्कं होतं. ब्राउझरच्या पट्टीत स्लाइड्स डॉट न्यू असं टाइप केलं की गुगल स्लाइड्सची कोरी फाइल उघडते, खातं असलं की पैसे लागत नाहीत. माझ्याकडे जुना लॅपटॉप, भावाकडे फोन, दोघांना एकाच फाइलमध्ये काम करता येणार होतं. तो कारखान्यात असतो, मी घरी. कारखाना म्हणजे आमचा जुना मांगरच, शेतातलं सामान ठेवायचं घर, पत्रे बदलून घेतलेलं.

पहिल्या दोन संध्याकाळी मी डिझाइन शोधण्यात घालवल्या. तयार टेम्प्लेट देणाऱ्या एका फुकट संकेतस्थळावरून गडद निळ्या रंगाचं, मागे जगाचा नकाशा असलेलं एक टेम्प्लेट आवडलं. ते भरत गेले, आणि डाउनलोड करायच्या वेळी कळलं की त्यातली निम्मी चित्रं पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत, फुकट घेतली तर प्रत्येकावर शिक्का येतो. तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, बरं झालं. त्या निळ्या पानांवर आमचं एकही वाक्य शोभलं नसतं. तिसऱ्या दिवशी पांढरी साधी थीम घेतली, काळी अक्षरं, आणि एकच रंग, पिकलेल्या बोंडूचा लालसर नारिंगी. तो रंग मी फोटोतून उचलला. आणखी एक गोष्ट उशिरा कळली. मी प्रत्येक स्लाइडवर शीर्षकाचा आकार हाताने बदलत बसले होते. थीम एडिट करायचं पान वेगळं असतं, तिथे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. हे आधी माहीत असतं तर एक अख्खी दुपार वाचली असती.

स्लाइड्सचा क्रम शोधायला त्रास झाला नाही. सिकोया कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने सुचवलेला क्रम सगळीकडे सापडतो. कंपनी कशासाठी आहे, अडचण काय, तुमचं उत्तर काय, हे आत्ताच का, बाजार किती, स्पर्धेत कोण, माल कसा आहे, पैसा कसा येतो, माणसं कोण आणि आकडे काय. गाय कावासाकी यांचा १०-२०-३० चा नियमही सरांनी सांगितला: दहा स्लाइड्स, वीस मिनिटं आणि तीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. दहाचं मला जमलं नाही, बारा झाल्या. पण तीस पॉइंटचा नियम मी धरून ठेवला, कारण त्याने माझी भाषा आवरली. माझ्या पहिल्या मसुद्यात "अडचण" या स्लाइडवर पाच मुद्दे होते, प्रत्येकी दोन ओळींचे. तीस पॉइंटला ते स्लाइडच्या खाली ओघळून गेले.

तो मसुदा मी आईला दाखवला. म्हणजे दाखवायचा असा बेत नव्हता, ती चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. इंग्रजी तिला फारसं येत नाही, म्हणून मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. काढणीपश्चात नुकसान, मूल्यवर्धनाचा अभाव, शेतकऱ्याचं बुडणारं उत्पन्न. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगो, ह्येच्यात आमचो बोंडू खय असा?"

खरंच कुठेच नव्हता. बारा पानांत एकही फळ नव्हतं.

पण दिवस जुलैचे. बाहेर धो धो पाऊस, झाडावर फक्त पानं. आता बोंडूचा फोटो आणायचा कुठून? माझ्या फोनमधले सगळे फोटो बाटल्यांचे निघाले, लेबलांचे, दुकानातल्या मांडणीचे. भावाकडे एक होता, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून फिरून इतका दाबला गेलेला की पडद्यावर मोठा केल्यावर नुसते चौकोन दिसायचे. शेवटी आम्हाला माल देणाऱ्या एका काकांच्या मुलाकडे मूळ फोटो सापडला. त्याने तो एप्रिलमध्ये सहज काढला होता. झाडाच्या बुंध्याशी लाल-पिवळ्या बोंडूंचा गुडघाभर ढीग, त्यावर माश्या, बाजूला पत्र्याचा डबा आणि डब्यात तळ झाकेल एवढ्याच बिया. कोपऱ्यात कोणाचं तरी पाऊल आलंय. ते पाऊल मी कापणार होते, मग ठेवलं, कारण त्यामुळे ढिगाची उंची समजते. फोटो स्लाइडच्या चारही कडांपर्यंत ताणला आणि खाली एकच ओळ लिहिली: प्रत्येक किलो बीमागे सात किलो फळ इथेच राहतं.

पाच मुद्दे गेले. पुढे जितक्या लोकांना हे सादरीकरण दाखवलं, तितके सगळे या स्लाइडवर थांबले.

मालाची स्लाइड भावाने केली आणि मला वाटतं, सगळ्यात चांगली तीच झाली. बोंडूचा रस ज्याने कच्चा प्यायलाय त्याला माहीत आहे, घसा धरतो. त्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लोक बोंडू खात नाहीत ते त्यामुळेच. संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असलेलं फळ केवळ घसा खवखवतो म्हणून टाकून दिलं जातं. त्यावर उपाय साधा आहे. लिटरभर रसाला पाच ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून घालायची, ढवळायचं आणि बारा तास हलवायचं नाही. टॅनिन साबुदाण्याला धरून तळाला बसतं, वरचा रस निवळतो. भावाने नमुन्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवलेला रस काढला, घरातलेच दोन काचेचे ग्लास घेतले, एकात गढूळ रस, दुसऱ्यात निवळलेला, आणि खिडकीशी ठेवून फोटो काढला. निवळलेल्या ग्लासातून मागचा खिडकीचा गज दिसतो, गढूळ ग्लासातून दिसत नाही. त्या स्लाइडवर त्याने "आमच्या मालकीची प्रक्रिया" वगैरे काही लिहिलं नाही. मी लिहूया म्हटलं तर म्हणाला, "ताई, साबुदाण्याची युक्ती संशोधन केंद्रांनी कधीच सांगून ठेवलीय. आपलं काय आहे ते वेगळं सांगूया." आपलं म्हणजे, झाडाखालून प्रेसपर्यंत फळ चार तासांत आणायची आमची फेरी. कोणत्या वाडीत किती वाजता टेम्पो उभा राहतो, त्याचा नकाशा आम्ही पुढच्या स्लाइडवर टाकला.

बाजाराच्या स्लाइडने मात्र मला रडवलं. पहिल्या मसुद्यात मी कुठल्याशा अहवालातला जागतिक फळपेयांच्या बाजाराचा आकडा टाकला होता, अब्जावधी डॉलर. सगळेच टाकतात. पुण्याच्या सरांनी फाइलमध्ये त्या आकड्याशेजारी एक कॉमेंट लिहिली: "यातलं तुमच्या टेम्पोत किती मावतं?" आधी राग आला. मग वही घेऊन बसले.

आमच्या प्रेसपासून पंचवीस किलोमीटरच्या आत आम्हाला माल देऊ शकतील असे ३८ बागायतदार. मी एकेकाला फोन केला, काहींकडे छत्री घेऊन गेले आणि गेल्या मोसमात किती बी विकली ते पावत्यांवरून लिहून घेतलं. बेरीज ६२ टन आली. सातने गुणलं, ४३४ टन बोंडू. त्यातला आम्ही उचलला ४ टन, म्हणजे एक टक्काही नाही. किलोमागे ६०० मिलिलिटर रस निघतो, एका बाटलीत ३०० मिलिलिटर जातो. चारशे चौतीस टनांतून साडेआठ लाखांवर बाटल्या होतात. तेवढ्या कोणी विकत घेणार नाही हेही खरं, म्हणून खाली दुसरी ओळ लिहिली: सावंतवाडी, कुडाळ, कोल्हापूर आणि पुण्यातली जी ९४ दुकानं आज माल ठेवतात, ती महिन्याला सरासरी किती बाटल्या काढतात. अब्ज डॉलरच्या जागी ३८ बागा आणि ९४ दुकानं आली. ही पहिली स्लाइड, जिच्याबद्दल कोणी उलटसुलट विचारलं तरी मला घाम फुटणार नव्हता, कारण प्रत्येक आकड्यामागे मी भेटलेला माणूस होता.

आता ज्या स्लाइडसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

पैसा कसा येतो, हे सांगायला इंग्रजीत युनिट इकॉनॉमिक्स म्हणतात. मी ते शीर्षक टाकलं, खाली टक्केवारीचं एक वर्तुळ काढलं. ग्रॉस मार्जिन इतकं, काँट्रिब्युशन तितकं. बरोबर होतं सगळं, पण माझं मलाच ते दूरचं वाटत होतं. त्याच आठवड्यात आईने हट्ट धरला की आपल्या बागायतदारांनाही हे दाखवायचं. पुण्याच्या लोकांना आपला हिशेब सांगायचा आणि ज्यांचा बोंडू आहे त्यांना नाही, हे तिला पटेना. म्हणून मी फाइलची प्रत काढली आणि मराठी करायला घेतली. फॉन्ट मुक्त घेतला. तो फुकट आहे, जोडाक्षरं नीट बसतात आणि लांबून वाचता येतो. शीर्षकाशी आले आणि अडले. युनिट इकॉनॉमिक्सला मराठीत काय म्हणू? एकक अर्थशास्त्र? ते आमच्या वाडीत कोणाला कळणार? दहा मिनिटं विचार केला आणि लिहिलं, "एका बाटलीचा हिशेब".

शीर्षक बदलल्यावर वर्तुळ चालेना. हिशेब म्हटला की रुपये लागतात. वर्तुळ काढून टाकलं आणि बाटलीचं चित्र उभं काढून तिच्यात थर भरले. छापील किंमत १८० रुपये. दुकानदार, वितरक आणि कर वजा जाता आमच्या हाती येतात ११२. त्यातून साखर २० रुपये, बाटली-झाकण-लेबल-खोका ३१ रुपये, मजुरी, वीज आणि गॅस १८ रुपये, वाहतूक आणि फुटतूट १६ रुपये. आणि फळ? अर्धा किलो बोंडू, सहा रुपये किलोने, ३ रुपये. एकूण ८८. उरतात २४.

तो तीन रुपयांचा थर इतका बारीक होता की त्यात अक्षर मावेना. बाहेर बाण काढून लिहावं लागलं. मी तीन वर्षं हे हिशेब ठेवतेय. हा आकडा मला माहीत नव्हता असं नाही, पण वहीत तो "कच्चा माल" या सदरात साखरेबरोबर एकत्र होता. वेगळा कधी दिसलाच नाही. सरबत बोंडूचं आणि बोंडू बाटलीत सगळ्यात स्वस्त. झाकण त्याहून महाग.

मांगरात आम्ही टीव्ही नेऊन लावला आणि बावीस बागायतदारांना मराठी स्लाइड्स दाखवल्या. वीज मध्येच गेली, पण मी ऑफलाइनची सोय आदल्या दिवशीच चालू करून ठेवली होती. लॅपटॉप मध्ये ठेवून सगळे भोवती बसले. बाटलीची स्लाइड आली तेव्हा मला भीती वाटत होती. तीन रुपये बघून लोक चिडतील, आणि चिडले तर ते बरोबर असतील. ज्यांच्या मुलाने तो ढिगाचा फोटो काढला ते काका पुढे वाकले, बोटाने थर मोजले आणि म्हणाले, "बाय, आमका नऊ रुपये दिलंस तर तुझा किती कमी होताला?" मी तिथल्या तिथे हिशेब केला. किलोमागे तीन रुपये वाढले तर बाटलीमागे दीड रुपया. चोवीसचे साडेबावीस.

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. रात्री भावाला म्हटलं, आपण सहा रुपये का देतो? तो म्हणाला, कारण पहिल्या वर्षी कोणीच काही देत नव्हतं आणि सहा जास्त वाटले. एवढंच कारण होतं. आणि आमची सगळ्यात मोठी अडचण काय, तर सकाळी दहाच्या आत फळ मिळत नाही, लोक बी काढण्याच्या घाईत बोंडू बाजूला काढून ठेवत नाहीत. सहा रुपयांसाठी कोण वेगळी पाटी भरेल? नऊसाठी भरतील. आम्ही दोघांनी त्याच रात्री ठरवलं, पुढच्या मोसमात नऊ. इंग्रजी स्लाइडवरही तेच चित्र टाकलं, तेच शीर्षक इंग्रजीत, आणि खाली एक ओळ: फळाचा भाव दीडपट केला तरी आमचे दीडच रुपये जातात.

किती पैसे मागायचे आणि किती हिस्सा द्यायचा, तिथे माझी एक चूक शेवटच्या क्षणी सापडली. आम्ही लिहिलं होतं, कंपनीचं मूल्य २ कोटी, मागणी ३० लाख, हिस्सा १५ टक्के. आमच्या सीएंनी विचारलं, हे दोन कोटी पैसे येण्याआधीचे की नंतरचे? आधीचे धरले तर ३० लाख आल्यावर कंपनी २ कोटी ३० लाखांची होते आणि हिस्सा पडतो १३ टक्के. १५ टक्के द्यायचे असतील तर दोन कोटी हे पैसे आल्यानंतरचं मूल्य, आधीचं १ कोटी ७० लाख. स्लाइडवर एक शब्द कमी होता आणि त्या एका शब्दाची किंमत दोन टक्के कंपनी. हे ज्यांना करायचंय त्यांनी प्री-मनी आणि पोस्ट-मनी हे शब्द आकड्याला चिकटवूनच लिहावेत.

सप्टेंबरअखेर पहिली पाठवणी केली आणि पहिलीच फसली. लिंक पाठवली अकरा जणांना, तीन दिवस कोणाचं उत्तर नाही. चौथ्या दिवशी माझ्या मेलमध्ये बघते तर परवानगी मागणाऱ्या चार विनंत्या पडलेल्या. फाइल फक्त आम्हा तिघांपुरती उघडी होती, लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल ही सोय मी चालू केलीच नव्हती. चौघांनी निदान दार वाजवलं, बाकीचे परत फिरले असणार. तेव्हापासून मी कोणतीही लिंक आधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून उघडून बघते. आणि लिंकच्या शेवटी एडिट असतं तिथे प्रेझेंट लिहिलं की समोरच्याला थेट पूर्ण पडदाभर स्लाइड्स दिसतात, बाजूचे मेनू दिसत नाहीत. पीडीएफही सोबत जोडायला लागले. त्यातही पहिली पीडीएफ फोटोंमुळे इतकी जड झाली की जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेबाहेर गेली. फोटो आधी लहान करून मग स्लाइडवर टाकायचे, नंतर कोपरा धरून लहान केले तर वजन कमी होत नाही.

डॉकसेंड या कंपनीने २०१५ मध्ये दोनशे कंपन्यांच्या डेकचा अभ्यास केला होता. गुंतवणूकदार एका डेकवर सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद थांबतात असं त्यात निघालं. मी पुण्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला, जिला या धंद्यातलं काहीच माहीत नाही, फोनवर घड्याळ लावून ती पीडीएफ वाचायला दिली. पावणेचार मिनिटं झाल्यावर थांबवलं आणि विचारलं, काय आठवतं? ती म्हणाली, "तो ढीग, ते दोन ग्लास आणि तीन रुपये." स्पर्धकांचा तक्ता तिला आठवला नाही. मी तो मागे, परिशिष्टात नेला.

नोव्हेंबरमध्ये पुण्यात समोरासमोर बोलावणं आलं. टेबलापलीकडे चौघं. मी बोलत होते, भाऊ बाटल्या उघडून छोट्या ग्लासांत सरबत ओतत होता. आईला आम्ही माणसांच्या स्लाइडवर घेतलं होतं, तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, "कोणत्या झाडाचा बोंडू गोड, ते हिला चाखल्याशिवाय कळतं." एका मॅडमनी त्याबद्दल विचारलं आणि मी सांगितलं की हे वाक्य अक्षरशः खरं आहे, ती सालीवरून आणि देठाच्या रंगावरून ओळखते, आणि तिने निवडलेल्या झाडांचा रस आम्ही वेगळ्या टाकीत ठेवतो. मग प्रश्न आला, मोसम मेपर्यंत, पुढे आठ महिने यंत्र काय करणार? त्याची स्लाइड होती. एप्रिल ते जून कोकम, मे-जूनमध्ये जांभूळ, थंडीत आवळा. हे नीट गेलं.

आणि मग त्याच मॅडम म्हणाल्या, "सातव्या स्लाइडवर बाटलीमागे साडेबावीस उरतात. दहाव्या स्लाइडच्या आलेखात मात्र हिशेब चोवीसने केलेला दिसतोय. कोणता धरू?"

आलेख मी गुगल शीट्समधून जोडलेला होता. शीटमध्ये भाव नऊ केला होता, पण स्लाइडवरचा आलेख आपोआप बदलत नाही, त्याच्या कोपऱ्यात अपडेटचं बटण येतं, ते दाबावं लागतं. सातव्या स्लाइडवरचे आकडे मी बदलले होते, दहाव्यावर बटण दाबायचं राहिलं. माझ्या नऊ वर्षांच्या हिशेबाच्या कामात असा फरक कोणी माझ्या कागदात काढला नव्हता. मी सरळ सांगितलं, साडेबावीस धरा, आलेख जुना आहे, चूक माझी. आणि का बदललं तेही सांगितलं, मांगरातली ती रात्र, काकांचा प्रश्न, दहाच्या आतल्या पाट्या. त्या लिहून घेत होत्या. घरी आल्यावर जोडलेल्या वस्तूंची यादी उघडून सगळं एकदम अपडेट करायची सोय कुठे आहे ते शोधलं. टूल्समध्ये आहे. आता पाठवण्याआधी तिथे गेल्याशिवाय मी फाइल सोडत नाही.

एकूण २३ जणांना पाठवलं. सहांचं उत्तर आलं, दोन भेटी झाल्या. चौघांपैकी दोघांनी मिळून १२ लाख द्यायचं कबूल केलं, बाकीचे आमचा पुढचा मोसम बघून. त्या मॅडम त्या दोघांत आहेत. बारा लाखांत पल्पर आणि एक टाकी बसते, शीतखोली बसत नाही. त्याप्रमाणे पैसे कशावर खर्च होणार ती स्लाइड पुन्हा लिहिली. व्हर्जन हिस्ट्रीत मी प्रत्येक टप्प्याला नाव देऊन ठेवलंय. जुलैची पहिली आवृत्ती अजून उघडता येते, जगाच्या बाजाराच्या आकड्यासकट. कधीमधी उघडून बघते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेआठला भावाचा फोन आला. मागे टेम्पोचा आवाज आणि बायकांची गडबड ऐकू येत होती. "ताई, सात पाट्या इल्यात. पावती कितीन फाडू?"

मी लॅपटॉप उघडला होता. शीटमध्ये भावाच्या रकान्यात नऊ होताच. "नऊनं," म्हटलं.